नाकावर टिच्चून

चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर फ्रेमा जुळवण्यात त्या कारागिराची तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकाला फ्रेम बसली नाही की तो चिठ्ठीवर ठरल्याप्रमाणे लिहायचा, 'दोष : नाक बसकं.' फ्रेमा यायच्या एकाच मापाच्या, नाकं यायची नाना तऱ्हेची. पण चिठ्ठीवर रकाना होता तो नाकाच्या दोषाचा.

एकदा एका गिऱ्हाईक मुलीने ती चिठ्ठी त्याच्यासमोर टराटरा फाडली. "दोष तुमच्या चष्म्यात आहे. माझं नाक मला चांगलं पुरतं!" पुढे त्याने तिच्याशीच लग्न केलं. तिच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यावर बेतून, नाकावर टेकणारी रुंद, जाड पॅड स्वतःच्या हाताने घडवली. मरेपर्यंत तिचा चष्मा घसरला नाही.

ती जाऊन आठ महिने झाले होते. साचा टेबलाच्या खणात होता. त्या खणाला त्याने हात लावला नव्हता.

आईचं नाक लेकीने जसंच्या तसं उचललं होतं. लेक बांधकामावर उंच क्रेन चालवायची. दिवसभर खाली वाकून बघायचं काम. दोन महिन्यांपूर्वी तिला चष्मा लागला, तेव्हा तिने पुढच्या काउंटरवरूनच तयार फ्रेम घेतली. बाबांना खण उघडायला सांगायची तिची छाती झाली नाही. सोमवारी तो चष्मा घसरून पायाशी पडला आणि क्रेनला लटकलेलं लोखंड भिंतीला घासून गेलं. मुकादम म्हणाला, "चष्मा नाकावर टिकेल तेव्हाच ये, नाहीतर क्रेन विसर."

बुधवारी दुपारी ती दुकानात आली. "बाबा, शुक्रवारी ऑपरेशन आहे. बरगडीतली कूर्चा काढून नाकात घालणार. नाक उंच होईल."

"आईचं नाक कापायला निघालीस होय?"

"मला काय हौस आलीय? वर बसलं की नाकी नऊ येतात. आणि डॉक्टरच म्हणतात, नाक ठणठणीत आहे."

"मग चिरायचं कशाला?"

"चष्म्यासाठी! ते म्हणाले, थंड, कोरड्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची नाकं अरुंद आणि उंच असतात. बाहेरची हवा छातीत जाईपर्यंत गरम आणि ओली व्हायला हवी ना. ज्यांची नाकं ते काम नीट करायची, त्यांची पोरंबाळं जास्त जगली. हजारो वर्षं हेच चाललं. आईकडचे लोक दमट उकाड्यातले. तिथे हवा आधीच गरम, आधीच ओली. रुंद नाकाचं काही अडलंच नाही. सगळंच हवेमुळे झालं असं नाही म्हणाले, पण हवेचा हात त्यात आहेच."

"आणि आपल्या फ्रेमा?"

"थंडीतल्या नाकांच्या!" ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

कारागिराने खण ओढला. तो अडकला होता, दोन हिसके द्यावे लागले. साच्याच्या वरच्या कडेला बायकोच्या भुवईचा एक केस अजून रुतलेला होता. तो त्याकडे बघत राहिला. मग त्याने लेकीचा चष्मा मागून घेतला आणि नवी पॅड घासायला कानस उचलली.

मालक मागे आला. "काका, हे काय नवीन? आपलं माप एकच. एकेकाचं नाक घडवत बसलात तर दुकान चालायचं कसं?"

"नाक मी घडवत नाही, मालक. ते कधीच घडवून झालंय. मी चष्मा घडवतोय."

"दोष लिहा आणि मोकळे व्हा."

"लिहितो ना."

तासाभराने लेकीने चष्मा घातला. कमरेत वाकून जमिनीकडे बघितलं, मान झटकली, दोन उड्या मारल्या. चष्मा जागचा हलला नाही. तिने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "शुक्रवारचं रद्द करा. नाही हो, नाक बरं वगैरे झालेलं नाही. नाकाला काही झालंच नव्हतं."

कारागिराने चिठ्ठी ओढली. छापलेल्या 'दोष'पुढे लिहिलं, 'फ्रेमचा'. मालकाने नाक मुरडलं. "असल्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात चालायच्या नाहीत!"

"मग तुम्ही फाडा. आमच्या घरच्यांना सवय आहे."

साचा त्याने खणात परत ठेवला नाही. टेबलाच्या पुढच्या कडेला मांडला, गिऱ्हाइकांकडे तोंड करून, आणि हाक दिली, "पुढचं कोण?"