हॅलोरन थांबला तेव्हा

सिंगापुरात, सेम्बावांगच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रावसाहेब त्या शनिवारी सकाळी आठपासूनच नवा शर्ट घालून बसले होते. नाटक दुपारी तीनचं.

"अहो, इस्त्री मोडेल," कमलाबाई म्हणाल्या. "लग्नाला तरी एवढ्या लवकर तयार झाला होतात का?"

"लग्नात तू होतीस. आज हॅलोरन आहे."

एडविन हॅलोरन. अमेरिकेचा नट, वय वर्षं चौऱ्याऐंशी. एकोणिसाव्या वर्षी फिरत्या नाटक मंडळीत खुर्च्या उचलायला लागला आणि खुर्च्या उचलता उचलता एक दिवस खुर्चीवर बसून बोलायला लागला. मग सिनेमे आले. नावाडी झाला, न्यायाधीश झाला, दारूत बुडालेला डॉक्टर झाला. केस काळे होते तेव्हा प्रेम केलं, पिकले तेव्हा बाप झाला, गळाले तेव्हा आजोबा झाला, आणि अधूनमधून माहेरी यावं तसा रंगमंचावर परत येत राहिला. आता एक खुर्ची आणि एक कोट घेऊन तो देशोदेशी आपली पासष्ट वर्षं एकट्यानं सांगत फिरत होता. मुलानं, प्रीतमनं, तिकिटं आणली होती. पण त्याला शिपयार्डमध्ये ड्यूटी लागली, म्हणून म्हाताऱ्यांना न्यायचं काम त्याच्या लेकीवर, सोळा वर्षांच्या एकतावर आलं.

रावसाहेबांना इंग्रजी कळायचं ते पाट्या वाचण्यापुरतं. पण परळच्या गिरणीत होते तेव्हा रविवारच्या खेळाला त्यांनी हॅलोरनचा एक सिनेमा चुकवला नव्हता. सोबत असायचा निशिकांत. एकाच खात्यात, एकाच पाळीत, कामगारांच्या एकाच नाटक मंडळीत. निशिकांत पुढं उजेडात उभा राहायचा आणि रावसाहेब विंगेत, हातात वही आणि बॅटरी घेऊन. मंडळीचे प्रॉम्प्टर. कमलाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. भाकऱ्या थापता थापता त्यांनी ओवी रचली होती:

टाळ्या गं वाजती, भरल्या मांडवात
माझा राजा अंधारात, शब्द सांगे कानात

निशिकांत हॅलोरनकडून एक गोष्ट शिकला होता. थांबणं. न्यायाधीश झालेला हॅलोरन स्वतःच्या भावाला शिक्षा सुनावण्याआधी थांबतो, तेव्हा अख्खं थिएटर खुर्चीच्या कडेला येतं. दोघांनी तो सिनेमा चारदा पाहिला होता.

आणि एकाहत्तर साली, नाट्यस्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, निशिकांत तसाच थांबला. मेलेल्या मुलाची वाट पाहणारा बाप होता तो. 'दार उघडं ठेव' एवढंच म्हणायचं होतं. पण तालमीत कधी थांबला नव्हता. रावसाहेबांनी विंगेतून पाहिलं, त्याचे खांदे वर गेले, श्वास छातीत अडकला. विसरला, असं त्यांना वाटलं. त्यांनी शब्द दिला. जरा मोठ्यानं दिला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी तो तसाच्या तसा परत म्हटला आणि सारा हॉल हसला.

रंग पुसताना निशिकांत एकच वाक्य बोलला, "रावसाहेब, मला आठवत होतं."

त्यानंतर पस्तीस वर्षं काही नाही. एकाच चाळीत खाली-वर राहून नाही, गिरणी बंद पडली तेव्हाही नाही. रावसाहेबांनी त्या रात्रीच वही ठेवून दिली होती. आपल्या कानानं दगा दिला, हे त्यांच्या मनात जे बसलं ते बसलंच.

म्हणून आज खिशात एक चिठ्ठी होती. त्यांनी सांगितलं होतं आणि एकतानं इंग्रजीत लिहून दिलं होतं: 'नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे विंगेतल्या माणसानं कसं ओळखायचं?'

"एवढंच विचारायचं, आजोबा?" एकता म्हणाली होती. "फोटो नको? ऑटोग्राफ?"

"नको. एवढंच."

"सो सीरियस, ला," ती सिंगापुरी थाटात म्हणाली.

एमआरटी मेट्रोनं सिटी हॉलला उतरून ते थिएटरात पोचले. आत एसी इतका गार की कमलाबाईंनी शाल काढली आणि अर्धी नातीवर टाकली. पडदा नव्हताच. दिवे मंदावले आणि हॅलोरन चालत आला. वाकलेला, सावकाश, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या कोटाला हात लावत.

त्यानं बोलायला सुरुवात केली आणि रावसाहेबांना भाषेची गरज उरली नाही. हा नावाडी. हा डॉक्टर. हा न्यायाधीश, आणि ही ती जागा, आता थांबेल. थांबला. ओठांशी आलेला शब्द पुन्हा आत घेणं, तेच ते, चाळीस वर्षांपूर्वीचं.

पुढं तो आईबद्दल सांगू लागला. एकता कानात सांगत होती, "घर सोडतोय... आई दारात आहे... ती काहीतरी म्हणते..." आणि तिथं हॅलोरन गप्प झाला.

हे थांबणं लांबलं. मागं कुणी खोकलं. कुणीतरी दोनदा टाळी वाजवून बंद केली. कमलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "विसरला वाटतं हो, बिचारा."

"नाही," रावसाहेब पुटपुटले. "खांदे बघ. खाली आहेत. श्वास पोटात आहे. थांबलाय तो."

हॅलोरननं खुर्चीवरचा कोट उचलला. एक बाही, दुसरी बाही, मग एकेक बटण. शेवटचं बटण लावून त्यानं मान वर केली आणि आईचं वाक्य म्हटलं. शेजारची चिनी बाई डोळे पुसू लागली. रावसाहेब मागं टेकले. कान जाग्यावर होता. इतक्या वर्षांनी का होईना, जाग्यावर होता.

खेळानंतर बाहेर हॅलोरन टेबलापाशी बसला होता. रांग लांब होती. जवळून तो फारच म्हातारा दिसत होता. कपाळावर घाम, आणि कोट अजून अंगात. एकतानं चिठ्ठी पुढं केली आणि आजोबा कोण, त्यांनी कुणाला चुकून शब्द दिला, हे दोन वाक्यांत सांगितलं. चिठ्ठी वाचून त्यानं चष्मा काढला आणि रावसाहेबांकडे नीट पाहिलं. एका कारागिरानं दुसऱ्याकडे पाहावं तसं.

मग त्यानं काहीतरी विचारलं.

"आजोबा, ते विचारतात, आज ते आईच्या इथं थांबले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"सांग, मुद्दाम थांबले. एवढं सुंदर थांबणं मी पाहिलं नव्हतं."

एकतानं सांगितलं. हॅलोरन हसायला लागला. टेबलाला हात टेकून हसला, खोकला, पुन्हा हसला. मग बराच वेळ बोलला. एकताचे डोळे मोठे होत गेले.

"आजोबा, ते विसरले होते. टोटली ब्लँक. कोट शेवटी घालायचा असतो. काही सुचेना म्हणून घातला, बटणं लावता लावता आठवलं, आणि मग काढताही येईना, म्हणून अख्खा वेळ घाम येत होता. विंगेत एक बाई असतात पुस्तक घेऊन, नऊ वर्षं त्यांच्याबरोबर आहेत. त्यांनाही वाटलं, मुद्दाम थांबलेत."

पस्तीस वर्षांपूर्वी थांबणं होतं, रावसाहेबांना विसरणं वाटलं. आज विसरणं होतं, त्यांना थांबणं वाटलं.

"मग ओळखायचं कसं?"

हॅलोरननं उत्तर दिलं आणि एकतानं ते हळूच सांगितलं. "ते म्हणतात, नाही ओळखता येत. पासष्ट वर्षं उभे आहेत, त्यांनाही नाही येत. आणि... तुम्ही ज्याला शब्द दिला होता, तो बोलतो का तुमच्याशी?"

"नाही."

हॅलोरन जरा पुढं वाकला. आता त्याचा आवाज खाजगी होता.

"ते विचारतात, मग आता पुढचं वाक्य कोणाचं आहे?"

मागची माणसं खोळंबली होती. रावसाहेबांनी हात जोडले, हॅलोरननंही जोडले, जरा वाकडेच.

वाक्य निशिकांतचं आहे असं धरून ते इतकी वर्षं विंगेत उभे राहिले होते. परतीच्या गाडीत, यिशुन स्टेशन गेल्यावर, ते म्हणाले, "कमल, त्याचा नंबर कुणाकडं मिळेल?"

कमलाबाईंनी पर्समधून छोटी डायरी काढली. "सुलेखाचा आहे माझ्याकडं. दर बुद्धपौर्णिमेला बोलतो आम्ही. यंदा या तिकिटांचंही सांगितलं."

"निशिकांतच्या बायकोशी? कधीपासून?"

"पहिल्यापासून. भांडण तुमचं होतं, आमचं कुठं होतं?"

रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला. तिकडं साडेसात वाजले असतील. घंटा वाजली, कुणीतरी उचललं.

"जय भीम. रावसाहेब बोलतोय. सिंगापूरहून."

पलीकडं शांतता. दूर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग तीही थांबली. श्वास ऐकू येत होता, पण छातीतला की पोटातला, फोनवर कळायला मार्ग नव्हता.

कमलाबाई चहा घेऊन समोर उभ्या. त्यांनी खुणेनं विचारलं, बोला की काहीतरी.

रावसाहेबांनी तळहात वर केला. थांब. शब्द देऊ नकोस. चहावर साय धरली. खाली रस्त्यावरून एक बस आली, थांबली, निघूनही गेली. रावसाहेब कानाशी फोन धरून उभे होते आणि त्यांना मुळीच घाई नव्हती.

"सुलेखा सांगत होती," निशिकांत शेवटी म्हणाला. आवाज बसका झाला होता, पण त्याचाच. "बघितलास हॅलोरन?"

"बघितला. न्यायाधीशाच्या जागी अजून तसाच थांबतो. आणि पुढं एका जागी, ऐक, विसरला गड्या."

"हॅलोरन? विसरला?"

"पार विसरला. आणि मला कळलं नाही."

मग आधी नाकातून, मग घशातून, मग पूर्ण मोकळं, निशिकांतचं ते गिरणीच्या भोंग्यासारखं हसू आलं. तो हसता हसता बायकोला हाका मारत होता, अगं ऐकलंस का, याला कळलं नाही म्हणे.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. एन्ट्री कुठून घेतली त्यानं?"

रावसाहेबांनी पायानं स्टूल ओढलं आणि बसले. "डावीकडून," ते म्हणाले. "एकटाच. हळू."

कमलाबाई चहा पुन्हा गरम करायला आत गेल्या. ओट्यापाशी त्यांच्या ओठांवर जुनी ओवी आली होती.