फळ्यावर न जुळलेला त्रिकोण

मी एक जुना लाकडी गुण्या आहे. कंपासपेटीतला चिमुकला, आरपार दिसणारा गुण्या नव्हे हं, मित्रांनो. फळ्यावर दोन्ही हातांनी धरायचा, दोन फुटी, सागवानी. सध्या एका सुताराच्या कारखान्यात खिळ्याला टांगलेला असतो. तुम्ही म्हणाल, बरं आहे की, सावलीत आहेस, आराम आहे. बरं कसलं डोंबलाचं! माझ्यावर वाकडेपणाचा आळ आहे. आणि तो आळ कुणी परक्यानं घेतलेला नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

ज्या सुतारानं मला घडवलं, त्याच्या धाकट्या बहिणीला शाळेत गणिताच्या बाई म्हणून नोकरी लागली होती. बहिणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यानं दाराच्या चौकटीतून उरलेला लाकडाचा तुकडा काढला, तीन पट्ट्या कापल्या, रंधा मारला आणि मला जोडायला घेतलं. बहीण शेजारी लाकडाच्या भुशात बसून बघत होती.

"दादा, त्रिकोणीच कशाला? चौकोनी कर की. खडू ठेवायलाही जागा होईल."

"अगं चिमे, चार बाजूंची चौकट एका कोपऱ्यातून रेटली की कलते. त्रिकोण रेटून बघ. मोडेल, पण कलायचा नाही."

तिनं खरोखरच मला रेटून पाहिलं. मी हललो नाही. ती हसली, आणि त्या हसण्यावर मी भाळलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग त्यानं माझी परीक्षा घेतली. एका फळीच्या सरळ कडेला मला टेकवून पेन्सिलीनं रेघ ओढली. मग मला उलटा करून त्याच जागी पुन्हा रेघ ओढली. काटकोनात केसभर जरी खोट असती, तर दोन रेघा फाकल्या असत्या. फाकल्या नाहीत. रेघा दोन ओढल्या, पण दिसत होती एकच. शेवटी त्यानं माझ्या उभ्या बाजूवर दर दहा सेंटीमीटरला एक, अशा पाच खाचा पाडल्या आणि मला बहिणीच्या हातात दिलं. "घे. हा तुला कधी खाली बघायला लावायचा नाही."

पुढची अठरा वर्षं मी बाईंच्या हातात होतो. काय वर्षं होती, मित्रांनो! बाई माझी बाह्यरेषा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढायच्या, त्रिकोण कापायच्या आणि त्याचे तिन्ही कोपरे फाडायच्या. फाडलेले तुकडे टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवले की खालची कड सरळ रेघ व्हायची. "बघा, तिघांची बेरीज एकशे ऐंशी. तुम्ही रुसा, फुगा, ही बेरीज बदलत नाही," असं त्या म्हणायच्या. माझा काटकोन दाखवून त्या विचारायच्या, "सगळ्यांत मोठ्या कोनासमोर कोण?" वर्ग ओरडायचा, "सगळ्यांत लांब बाजू!" माझ्या तीस अंशांच्या कोनासमोरची आखूड बाजू त्या लांब बाजूच्या बरोबर निम्मी, हे मोजायला तर मुलांची रांग लागायची. आणि तास संपला की बाई पदराच्या टोकानं माझ्यावरचा खडू पुसायच्या. "माणूस थाप मारेल, माझा गुण्या नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी ते खरं मानत आलो. माझंच चुकलं.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. तपासनीस साहेब मागच्या बाकावर वही उघडून बसले होते, दारात मोठे सर उभे होते. बाईंनी ठरवलं होतं की पुस्तकातलं उदाहरण घ्यायचं नाही, स्वतःचं द्यायचं. तीन बाजू दिल्यावर त्रिकोण काढायचा, असा पाठ होता. एरवी त्या सत्तर सेंटीमीटरचा पाया घेत. आज साहेबांना शेवटच्या बाकावरूनही दिसावं म्हणून त्यांनी मीटरपट्टी आडवी ठेवली आणि पूर्ण शंभराचा पाया ओढला. बाकीच्या दोन बाजू मात्र सवयीनं तोंडातून गेल्या त्याच राहिल्या. चाळीस आणि पन्नास.

मोठा कंपास माझ्या चौथ्या खाचेपर्यंत उघडून त्यांनी पायाच्या डाव्या टोकावरून कंस मारला. मग पाचव्या खाचेपर्यंत उघडून उजव्या टोकावरून दुसरा. दोन कंस एकमेकांकडे तोंड करून थांबले. मध्ये अर्ध्या वितीहून थोडी जास्त अशी मोकळी जागा. बाईंनी कंस आणखी खाली ओढले, पार पायाला टेकवले. तरी ते भेटेनात. भेटणार कसे हो?

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या प्रश्नांमुळे वर्गानं तिचं नाव 'शंकेखोर' ठेवलं होतं. ती उभी राहून हळूच म्हणाली, "बाई, चाळीस नि पन्नास नव्वदच होतात. दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा जास्त हव्यात ना? तुम्हीच सांगितलं होतं."

मी बाईंच्या हातात होतो. त्यांचे ओठ हलले, नव्वद, शंभर, असा हिशेब झाला. बाईंना चूक समजली होती, मित्रांनो. माझ्याइतकी जवळून ती कुणीच पाहिली नाही. डस्टर हाताशी होतं. 'अगं खरंच की, शाब्बास,' एवढं म्हटलं असतं तर त्याच चुकीतून त्या दिवसाचा सगळ्यात सुंदर धडा निघाला असता.

तेवढ्यात साहेबांनी वहीतून मान वर केली. "काय अडलं, बाई?"

"काही नाही साहेब," बाई म्हणाल्या. "हा गुण्याच वाकडा झालाय. खुणाही चुकीच्या आहेत. घरगुती काम, माझ्या भावानं अंदाजपंचे केलेलं. तू खाली बस गं, मध्येमध्ये बोलू नकोस."

साहेब म्हणाले, "मग नवीन साहित्य मागवा की," आणि पुन्हा लिहायला लागले. मुलगी खाली बसली. ती फळ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या वहीकडे, आणि तिनं आपलं बरोबर उत्तर खोडून टाकलं.

अठरा वर्षं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. मला खडू चालला असता, धूळ चालली असती, मी तुटलो असतो तरी चाललं असतं. पण बाईंनी मला वाकडा म्हटलं, आणि माझ्याबरोबर ज्यानं मला घडवलं त्यालाही. तेही चाळीस पोरांसमोर.

आठवड्याभरात प्लॅस्टिकचा पिवळा गुण्या आला. मी अडगळीच्या खोलीत गेलो. तिथलं कपाट एका पायानं डुगडुगत होतं, शिपाईमामांनी मला आडवा करून त्याच्याखाली सारला. दोन वर्षं मी पाचर होतो.

मग परवा त्या कपाटाचं दार निखळलं आणि मोठ्या सरांनी सुताराला बोलावणं धाडलं. तो आला, वाकला आणि तसाच राहिला.

"मामा, हा इथे कसा?"

"तो होय! वाकडा आहे हो. तपासणीत बाईंचं नाक कापलं त्यानं. बाईच म्हणाल्या ना, खुणासुद्धा चुकल्यात."

सुतारानं कपाटाखाली लाकडाचा ठोकळा सारला, मला बाहेर काढलं, बाहीनं पुसलं. कपाटाच्या फळीला टेकवून एक रेघ ओढली. उलटा केलं, दुसरी ओढली. मग टेप काढून खाचा मोजल्या. मामा वाकून बघत होते. "अहो, रेघ तर एकच दिसतेय!"

"तेच तर," सुतार म्हणाला.

तेवढ्यात खडूची पेटी न्यायला बाई आल्या. भावाला पाहिलं, मला पाहिलं, आणि दारातच थबकल्या. मामा पेटी ठेवून समजूतदारपणे बाहेर गेले.

"चिमे, नाचता येईना अंगण वाकडं, असं आपली आई म्हणायची. आठवतं?"

"दादा, साहेब समोर होते रे. तोंडातून निघून गेलं." बाईंचे डोळे भरले. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, अगदी पूर्वीसारखा. "हा सरळ आहे, मला तेव्हाही माहीत होतं. माफ कर. दोघंही माफ करा."

"मी केलं गं. पण त्या पोरांना कधी सांगणार?"

घंटा झाली. खडूची पेटी उचलून त्या तळमजल्यावरच्या आपल्या वर्गाकडे गेल्या. सुतारानं त्यांच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत वाट पाहिली आणि मला काखेत मारून आपल्या कारखान्यात आणलं.

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. खडूची चूक डस्टरच्या एका फटक्यात जाते, पण ती दुसऱ्याच्या माथी मारली की पुसली जात नाही, एवढंच लक्षात ठेवा. मी मोडलो नाही, कललोही नाही. पण आळ चाळीस जणांसमोर आणि माफी अडगळीच्या खोलीत, ही बेरीज मला काही केल्या जुळत नाही.

ती पोरं अजून त्याच शाळेत आहेत. आता वरच्या मजल्यावर बसतात. ती शंकेखोर मुलगीही असते तिथे. हल्ली ती काही विचारत नाही म्हणे. बाई, एकच जिना आहे. चढा ना.