माझी वाकडी चरबी

मी एक जुना जिवाणू आहे. हसू नका, मित्रांनो! काचेच्या चंबूतल्या घोटभर पोषक रसात मी एकाचे दोन, दोनाचे चार असा वाढत आलो. त्यामुळे आमच्यात आजोबा कोण आणि नातू कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. मानपानाची भांडणेच होत नाहीत.

माझ्या अंगाभोवती चरबीची नाजूक भिंत आहे. काही चरबी सरळ असते. ती शहाण्या मुलांसारखी खेटून बसते. काही वाकडी, ती कोपर काढून बसते आणि भिंत सैल ठेवते. दोघींचा मेळ बसला तरच आमचा निभाव लागतो.

एके सकाळी प्रयोगशाळेतल्या ताईने आमच्या चंबूत आखूड रेणूंचे साधे अल्कोहोल ओतले. बापरे! भिंत डळमळली. पण आम्ही हातपाय गाळले नाहीत. वाकडी चरबी भराभर वाढवली आणि पुन्हा मजेत वाढू लागलो. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

ताईने आमच्यातल्या काहींची चरबी यंत्रात तपासली आणि तिचा चेहरा उतरला. तिचे सर म्हणाले, "अगं, अल्कोहोलनं भिंत सैल होते. मग यांनी सरळ चरबी वाढवायला हवी. हे उलटंच करून बसलेत! चंबूत भलतंच काहीतरी शिरलंय. टाक ते ऑटोक्लेव्हमध्ये."

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा भलामोठा कुकर. त्यात गेलेला जिवंत परत येत नाही. माझी तर पाचावर धारण बसली.

ताई चंबू घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. "सर, यातल्याच थोड्यांना दुसरं अल्कोहोल देऊन बघू? लांब साखळीच्या रेणूंचं?"

"बघ बाई. पण हे शेवटचं हं!"

लांब अल्कोहोल आले मात्र, आम्ही ओळखले, हा पाहुणा निराळा! या खेपेला आम्ही सरळ चरबी वाढवली. का, ते मला विचारू नका. आमच्या अंगालाच ते कळते.

यंत्राचा आकडा सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सूक्ष्मदर्शकाखालीही आम्हीच होतो, भलते कुणी नव्हते. सर खो-खो हसत सुटले. "अगं, हे पाहुणा बघून पाट मांडतात! आपणच सगळ्या अल्कोहोलांना एका माळेचे मणी समजत होतो."

"मग यांना जपून ठेवू ना?" ताईने विचारले.

"हे काय विचारणं झालं?"

आता मी फ्रीजरमध्ये निवांत झोपायला निघालो आहे. मित्रांनो, कुणी तुमच्या अंदाजाच्या उलट वागले, तर त्याला कुकरात घालण्याआधी एवढे जरूर विचारा, "बाबा रे, तुझ्या अंगावर ओतलं तरी काय होतं?"