बसची टाकी कुणी घासली?

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी उभे राहा. पुढच्या नाही हं, तिथे झगमगाट असतो. मागच्या दाराशी भांड्यांचा खणखणाट असतो, कांद्याच्या सालांची पोती असतात आणि जमिनीत बसवलेलं एक लोखंडी झाकण असतं. ते उचला. नाक दाबलंत तरी कुणी हसणार नाही.

झाकणाखाली एक पेटी आहे. भांडी धुतलेलं ओशट पाणी आधी या पेटीत येतं. पाणी खालून निघून जातं आणि तेलातुपाचा थर वर तरंगत राहतो. तो वेळच्या वेळी काढला नाही, तर घट्ट होऊन गटारं तुंबवतो. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. पण आपल्या गोष्टीतली मावशी हे झाकण असं उचलायची, जसा काही खाऊचा डबाच!

"बघ, बघ, नुसतं सोनं आहे!"

"सोन्याला असला वास येतो?" खारू विचारायची.

खारू ही तिची भाची. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून घरीदारी सगळे तिला खारूच म्हणत.

तर ही मावशी त्या राड्यापासून डिझेल बनवायची. होय, गाड्यांत घालायचं डिझेल! बसडेपोच्या मागे एक रिकामी खोली तिला मिळाली होती. तिथे ती हा गाळ फडक्यातून गाळायची आणि मोठ्या पिंपात तापवायची. तेलात पाणी उरलं असेल तर ते चुर्रचुर्र बोलतं. खारू लांबून कान देऊन बसे आणि आवाज थांबला की ओरडे, "मावशी, गप्प झालं!"

मग मावशी खारूला बाहेर काढून दार लावून घेई, कारण पुढचं काम मुलांचं नव्हतं. जुनं तेल आंबलेलं असतं, त्याचा आंबटपणा आधी मोडावा लागतो. मग त्यात मिथेनॉल नावाचं विषारी स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा मिसळायचा. खारू खिडकीच्या काचेला नाक लावून बघत राही. रात्रभर पिंप शांत ठेवलं की सकाळी त्यात दोन थर दिसत. तळाशी काळपट, चिकट ग्लिसरीन आणि वर पिवळंधमक, पातळ काहीतरी. ते वरचं पाण्याने हलक्या हाताने धुऊन कोरडं केलं, की झालं बायोडिझेल!

नेहमीच झालं असं नाही. एकदा घाईत तेलात पाणी राहिलं आणि पिंपभर साबण तयार झाला. डेपोचे मोठे मिस्त्री तेव्हा पोट धरून हसले होते. "बाई, बस चालवायचीय की धुवायचीय?"

याच मिस्त्रींना ती खोली हवी होती. त्यांचे टायर उघड्यावर पडून होते. माणूस वाईट नव्हता, पण टायरांवर त्यांचा भारी जीव. एक दिवस ते म्हणाले, "आपली सगळ्यात जुनी बस घ्या. तुमचंच तेल भरा. शनिवारी टेकडीच्या माथ्यावर नेऊ. चढली तर खोली तुमची. वाटेत बसली, तर माझे टायर आत आणि तुमची पिंपं बाहेर. कबूल?"

"कबूल!" मावशीच्या आधी खारूच म्हणाली.

टाकीत होतं नव्हतं ते डिझेल काढून मावशीने आपलं तेल अर्धी टाकी भरेल एवढं ओतलं. शनिवारपर्यंत बस तशीच डेपोच्या अंगणात उभी राहिली. खारू रोज शाळेतून येऊन तिला थोपटून जाई.

शनिवारी मिस्त्री स्वतः चालवायला बसले. इंजिन एका झटक्यात सुरू झालं! मागून धूर निघाला, त्याला चक्क तळणाचा खमंग वास. एक कुत्रा जीभ बाहेर काढून बसच्या मागे धावत सुटला.

"मिस्त्रीकाका, तो पण चढायला निघालाय!" खारू सीटवर उड्या मारत ओरडली.

चढ सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मावशीने दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. माथा दिसायला लागला आणि तेवढ्यात बस खोकली. एकदा, पुन्हा एकदा, आणि बंद! मिस्त्रींनी हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले.

"बसली," ते म्हणाले. चिडवलंही नाही त्यांनी. ते जास्तच लागलं.

त्यांनी फिल्टर काढला. फिल्टर म्हणजे तेलातला कचरा अडवणारी गाळणी. ती डांबरासारख्या काळ्या चिखलाने गच्च भरली होती. "हे बघा बाई, तुमचं सोनं. इंजिनाचा घसा आवळला याने."

मावशी गाळणी उलटसुलट करून बघू लागली. तिने तिचं तेल एका छोट्या नव्या इंजिनात कितीदा तरी चालवून पाहिलं होतं. तिथे असं कधी झालं नव्हतं.

खारूने मात्र चिखलात बोट घातलं. "पण आपलं तेल पिवळं आहे ना? हे तर काळं आहे. आणि टोचतंय! मावशी, यात गंज आहे. तेलाला कुठे गंज चढतो?"

मिस्त्री थबकले. त्यांनी चिमटीत चिखल चोळून पाहिला. मग टाकीचं झाकण उघडलं, आतली जाळी उपसली आणि बॅटरीचा झोत आत टाकला. खारूने त्यांच्या काखेतून मुंडी घातली.

बस चढावर तिरकी उभी होती, म्हणून टाकीतलं तेल एका कोपऱ्याकडे सरकलं होतं. दुसऱ्या कोपऱ्यात त्यामुळे पत्रा उघडा पडला होता. वरचा अर्धा पत्रा काळाकुट्ट, खरबरीत. खालचा अर्धा, जिथे इतके दिवस मावशीचं तेल टेकलं होतं, तो लखलखीत! मधे सरळ रेघ.

"मावशी! आपल्या तेलाने टाकी घासली!"

"अगं हो!" मावशीने कपाळावर हात मारला. "हे तेल जुना चिकटा सोडवतं. इतक्या वर्षांच्या डिझेलचा राडा सुटला आणि गाळणीत येऊन बसला. नव्या इंजिनाच्या टाकीत राडा नव्हताच, मग मला कळणार कसं?"

दोघी मिस्त्रींकडे बघत राहिल्या. खोली हवी होती ती त्यांना, आणि बस तर वाटेत बसली होती. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कोण भांडणार होतं?

मिस्त्रींनी बोट पँटला पुसलं. "घाण माझ्या टाकीची आणि बोल तुमच्या तेलाला? छे! तुम्ही सरका, नवा फिल्टर आहे माझ्याकडे."

फिल्टर बसला. नळीत हवा शिरली होती, ती काढायला एक छोटा पंप हाताने दाबावा लागतो. खारूने तो दोन्ही अंगठ्यांनी दाबला. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग पिवळं स्वच्छ तेल!

"आलं! आलं! मारा स्टार्टर!"

इंजिन घरघरलं आणि बस अशा तोऱ्यात चढली की माथ्यावर पोचेपर्यंत ओरडून ओरडून तिघांचेही घसे बसले. मिस्त्री तर लहान मुलासारखे हॉर्न वाजवत सुटले होते.

डेपोत परतल्यावर मावशी आणि मिस्त्री टायर कुठे हलवायचे यावर वाद घालत उभे राहिले. "वर ताडपत्री घाला हो!" "ताडपत्रीखाली टायर? माझे?" असं बराच वेळ चाललं. मग मिस्त्रींनी खिसा चाचपला. बॅटरी गायब. त्यांनी वळून पाहिलं.

खारू रांगेतल्या दुसऱ्या बसच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकली होती. तिने डोकं बाहेर काढलं, नाकाला काळं फासलेलं तसंच ठेवून खिशातून खडू काढला, बसच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हिची आंघोळ आधी, तेल मग!" आणि तिसऱ्या बसकडे धावली.