दहावा माणूस

“दहा झाले. सुरू करू या,” ठाण्याहून आलेल्यांतले वडीलधारे पाहुणे नजरेनंच मोजून म्हणाले, आणि मी पटकन पुन्हा मोजलं. त्या दहांत त्यांनी आमच्या ह्यांनाही धरलं होतं!

चूक तरी कुणाची म्हणू? हनोखअण्णाला स्कूटरवरून कबरस्तानात आणलं ह्यांनीच. उन्हासाठी डोक्यावर टोपी, ज्यू पुरुष प्रार्थनेला डोकं झाकतात तशीच, आणि आधाराला म्हणून अण्णाला खेटून उभे. अण्णा ज्यू, पण रंगानं, बोलण्यानं अगदी आमच्यातलाच. खासबागेत आमच्या हातमागाच्या शेजारी त्याचं शिवणकाम. सीमाप्रश्नाच्या प्रत्येक फेरीत काळी फीत बांधून तो ह्यांच्याबरोबर चालला. तिथं त्याला कुणी विचारलं नाही, तू कुणातला म्हणून.

“आमाला देवानं निवडलंय, म्हादेवा,” चहा पिताना अण्णा म्हणायचा.

“आणि ठेवलंय कुठं, तर खासबागेत! लई माया हाय बग देवाची,” हे चिडवायचे. “आमाला तर निवडायलाबी कोण न्हाय.”

अण्णाची बायको सिपोराअक्का जाताना एवढंच मागून गेली, माझ्या मातीवर एकदा कद्दिश म्हणा. गेलेल्या माणसासाठीची ती त्यांची प्रार्थना. दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही, आणि बायका त्यात धरत नाहीत. इथं अण्णा एकटाच. वर्षभर फोन करून ठाण्याचे नऊजण तयार झाले, तर निघताना एकाला ताप भरला. आठ आले, अण्णा नववा. पुन्हा एवढ्या लांब कोण येणार? अण्णाला तर डॉक्टरनं प्रवासच बंद केलेला.

पाहुण्यांनी पुस्तक उघडलं. मी मनात म्हटलं, देवा, तू कुणाचाही अस, आज तेवढा डोळे झाक.

अण्णा मातीकडं बघत होता.

“म्हण की, अण्णा,” हे हळूच म्हणाले. “मी हाय न्हवं?”

अण्णानं ह्यांच्याकडं पाहिलं. मग पाहुण्यांना म्हणाला, “थांबा. ह्यो आमच्यातला न्हाय.”

हे दोन पावलं मागं सरले. माझा नुसता संताप झाला. अक्काला खांदा द्यायला हे चालले, आणि आता चालेनात? अगदी ओठांवर आलं होतं. पण अण्णाकडं बघवेना. भर उन्हात म्हातारा कुडकुडत होता.

पाहुण्यांनी दहाजण नसतानाही चालणारं एक स्तोत्र वाचलं, अण्णाच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीत बसून निघून गेले. कद्दिश राहिलीच.

अण्णा मातीजवळ खाली बसला. “सिपोरा,” तो म्हणाला, “न्हाय जमलं गं.”

बऱ्याच वेळानं ह्यांनी पुढं होऊन त्याला उठवायला हात दिला.

“नगं, म्हादेवा,” अण्णा म्हणाला. “आज तुजा हात धरायला त्वांड न्हाय मला.”

आणि शेजारच्या कबरीच्या दगडाला धरून तो एकटाच उठायला लागला.