पाचवी सुतळी

डाव्या पायाचा अंगठा हलला आणि बद्रुद्दीन ताडकन उठून बसला. मचाणावरून त्याने ओढ्याच्या बाजूला पाहिलं. भर दुपारचं ऊन, पांगाऱ्याच्या खुंटांवर चढलेले वेल, पिकलेली भोकरी जातीची द्राक्षं, आणि गुडघाभर उंचीच्या तारेवर शेपटी उडवत बसलेला एक बुलबुल.

"बस लेका, बस," तो पुटपुटला. "तुझ्या बापाचीच बाग हाय."

बुलबुल उडाला, तेही अंगठ्याला कळलं. म्हातारा पुन्हा आडवा झाला, पण पाठ काही टेकेना. सकाळपासून हेच चाललं होतं. जरा पडावं, उठावं, खाली बघावं, परत पडावं.

दिंडोरीच्या सडकेला लागून खंडेरावांची ही चार एकरांची बाग. द्राक्षांना गोडी धरली की कोल्ह्यापासून माणसापर्यंत साऱ्यांना तिची आठवण यायची. म्हणून बद्रुद्दीनने बागेच्या चारही कडांना बारीक लोखंडी तार ताणली होती आणि तिला घासलेटचे रिकामे डबे टांगले होते. डब्यात खडे. कुणाचा पाय अडखळला की डबे खडखडणार आणि बद्रूभाई उठणार, असं साऱ्या शिवाराला वाटायचं.

पण डबे लोकांसाठी होते. त्याच्यासाठी सुतळ्या होत्या. प्रत्येक कडेच्या तारेपासून एक सुतळी मचाणावर यायची; दोन पायांच्या अंगठ्यांना, दोन मनगटांना. कारण बद्रुद्दीनला ऐकू येत नव्हतं. थोडंथोडकं नव्हे, अजिबात नाही.

उभी उमर त्याने विहिरींना सुरुंग लावण्यात घालवली. तो तळाला, आणि वर दोर धरून पेठ गावाकडचा झिपरू. खोल विहिरीत हाक पोचत नाही, दोराचा हिसका पोचतो. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर ओढ. एकदा विझला असं समजलेला सुरुंग बद्रुद्दीन दोरावर निम्म्या वाटेत असताना उडाला. झिपरूने दोर सोडला नाही म्हणून जीव वाचला, पण कान त्या दिवसापासून विझत गेले. सुरुंगाला बहिरा माणूस कोण नेणार? मग त्याने राखणीचं काम धरलं आणि कानांची गोष्ट पोटात ठेवली. कुणी भेटलं की हाच आधी बोलायला लागायचा तो थांबायचाच नाही. लोक म्हणत, म्हातारा फार बडबड्या. म्हणोत बापडे! बडबड्याची नोकरी जात नाही.

तारेत एकच जागा मोकळी होती, फाटकाची. ती मालकाची वाट. मालकाच्या पायात तार घालणारा राखणदार कुणी ठेवला असता का? त्या वाटेवर नजर असायची गुलजारबीची, त्याच्या बायकोची. मचाणाखालच्या खोपीत तिची चूल, आणि चुलीपासून त्याच्या कमरेपर्यंत पाचवी सुतळी. दोन हिसके म्हणजे उठा, कुणीतरी आलंय. एक म्हणजे थांबा, काही नाही.

आज गुलजारबी दळण घेऊन दिंडोरीला गेली होती. जाताना त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली होती, "मी येईस्तोवर खालीच बसा, वाटेकडं तोंड करून. मचाणावर चढू नका." दुपारपर्यंत तो बसलाही. पण तारा सोडून त्याला चैन कसं पडावं? शेवटी चढलाच.

पाठीत काठी टोचली. तो दचकून वळला. खाली खंडेराव उभे होते, लालबुंद, काठी वर केलेली. किती वेळ हाका मारत होते कोण जाणे.

"या, या मालक!" बद्रुद्दीन घाईघाईने बोलायला लागला. "उन्हाचं येणं केलं? औंदा गोडी लय हाय बगा, कोल्ह्यांनी नुसता उच्छाद मांडलाय, पन एक घड हलू दिला नाय मी..."

खंडेरावांनी उपरण्याचं टोक तोंडावर धरलं. उपरणं हललं, एकदा, दोनदा, पण ज्यांवरून तो बोलणं ओळखायचा ते ओठ दिसेनात. बद्रुद्दीनची बडबड थांबली.

खंडेरावांनी उपरणं खाली केलं. "कधीपासून?"

"इथं यायच्या आदीपासून, मालक."

"म्हणजे चार वर्षं मला फसवलंस."

"चार वर्सांत एक घड गेला का?" बद्रुद्दीन खाली उतरला नाही. "मी डोळे बांदून बसतो. तुमी तारंवर फिरा. चुकलो तर आत्ताच्या आत्ता जातो."

खंडेरावांनाही गंमत वाटली असावी. म्हाताऱ्याने रुमालाने डोळे बांधले आणि ते बागेभोवती निघाले.

"उगवतीकडं! मानूस हाय!" मचाणावरून ओरडा आला. "कोल्हं तारंखालून सरकतं. मानूस अडकला की जागीच उभा ऱ्हातो, तार ताठ ऱ्हाती."

त्यांनी ओढ्याच्या बाजूला ढेकूळ फेकलं.

"ढेकूळ!"

ते हसले. मग मावळतीला जाऊन त्यांनी खुंटीची तार हळूच सोडून दिली.

"ढिली पडली! मालक, बांदा ती परत, कोल्हं येतील!"

खंडेरावांनी ती मुकाट्याने बांधली आणि घाम पुसत परत आले. रुमाल सोडून बद्रुद्दीनने त्यांचं हसू पाहिलं, आणि त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. खोपी वाचली, चूल वाचली.

खंडेराव अगदी सावकाश बोलले. त्यामुळे शब्द न् शब्द कळला.

"बद्रूभाई, युक्ती लाख मोलाची आहे. पण माझी बाग बहिरा राखतो हे कळलं, तर अख्खं नाशिक मला हसेल. तारा राहू देत. उद्या राखणीला काळूला पाठवतो, आमच्या गाडीवानाला."

बद्रुद्दीन थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, अजून काही निघतं का म्हणून.

"काळूचे कान चांगले हायेत," तो म्हणाला.

गुलजारबी आली तेव्हा तो मचाणाखाली बसला होता. अंगठे मोकळे, मनगटं मोकळी. न सांगताच ती समजली, डोईवरचं दळण तिने खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "मीच गेले ना! उद्या नेलं असतं दळण, तर काय बिघडत व्हतं?"

"वाट मी मोकळी ठिवली व्हती," तो म्हणाला. "तू नाय."

सकाळी काळू आला. बद्रुद्दीनने त्याला एकेक तार दाखवली. कुठे घट्ट हवी, कुठे सैल, ओढ्याकडच्या खुंट्या कशा उपटून येतात. काळूने एक डबा हलवून पाहिला आणि दचकून हात मागे घेतला. बद्रुद्दीन त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होता. ते डबे त्यानेच टांगले होते, पण त्यांचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"कसा वाजतो रं?"

"लय मोठ्यानं, चाचा."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. मग तो मचाणावरची पाचवी सुतळी सोडून गुंडाळू लागला, तेव्हा काळू चाचरत म्हणाला, "मालकांनी समदं हाय तसं ठिवाया सांगितलंय."

"ही बागंची नाय," बद्रुद्दीन म्हणाला. "ही घरची हाय."

लेक सितारा नांदगावला दिली होती. तिच्याकडे जायचं, म्हणजे आधी पायी नाशिक, मग स्टेशन. गुलजारबी डोईवर बोचकं घेऊन पुढे चालत होती. सुतळीचं एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं त्याच्या कमरेला. म्हसरूळच्या आडावर पाणी भरणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि ताठ चालत राहिला.

कमरेला एक हिसका बसला. तो सडकेच्या कडेला उभा राहिला. मागून दिंडोरीची सर्व्हिस मोटार आली आणि त्याच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. त्या धुळीत त्याला ना सडक दिसत होती, ना गुलजारबी. सुतळी हातात धरून तो तसाच थांबला. मग दोन हिसके आले, आणि तो चालू लागला.