अर्धं माप

पाच आठवडे घोडा एका जागी उभा राहिला की काय होतं, हे मला आता कुणी शिकवायला येऊ नये. आमच्या तबेल्याच्या दाराचे दोन तुकडे झाले, आमच्या ह्यांच्या मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग उमटला, आणि माझ्या डाव्या बाहीचा एक तुकडा घोड्याच्या पोटात गेला.

आमची लाँड्री आहे. इस्पितळाच्या आणि दोन वसतिगृहांच्या चादरी, अभ्रे, पडदे आमच्याकडे येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जातात. धुणं आणि इस्त्री हे बघतात, ने-आण मी करते. गेली अकरा वर्षं मी ती घोडागाडीवर करते आहे. घोड्याचं नाव मास्तर. सकाळी सातच्या ठोक्याला गाडी जुंपली नाही की तो पाय आपटून आमची हजेरी घ्यायचा, म्हणून मास्तर. हे त्याला माझा लाडोबा म्हणतात आणि मी ते मनावर घेत नाही.

मग पाइप टाकणारी माणसं आली. त्यांनी आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून काढली आणि दहा दिवसांत बुजवतो म्हणाली. खड्ड्यावर एक फळी टाकली. त्या फळीवरून आम्ही दोघांनी हातगाडी ओढली, पण घोडा काही फळीवरून जात नाही. अंगणात पाहावं तिकडे दोऱ्यांवर चादरी, तिथेही फिरवायला जागा नाही. दहाचे पस्तीस दिवस झाले आणि मास्तर आपला उभाच. मला त्याची इतकी दया यायची की बिचाऱ्याचं काम गेलं, निदान खाणं तरी जाऊ नये, म्हणून रोजचं पूर्ण माप जव मी त्याच्यापुढे ठेवायचे. कधी वर एखादी मूठ. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवरून मी अख्खं घर डोक्यावर घेतलं.

यांनी रिकामा वेळ सत्कारणी लावला. गाडीला मागे नवी फळी बसवली आणि सगळ्या गाडीला निळा रंग दिला. मी म्हटलं, फारच भडक झाला. हे म्हणाले, दुरून दिसायला हवी. तेवढ्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

सोमवारी एकदाची गल्ली बुजली. मी सकाळीच साज काढला आणि मास्तरला बाहेर आणलं. त्याने आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग असा उधळला की चादरींच्या दोन दोऱ्या गळ्यात घेऊन अंगणभर फिरला. हे आडवे गेले. मास्तरने दुगाण्या झाडल्या, एक यांच्या मांडीवर बसली आणि एक तबेल्याच्या दारावर. हे भिंतीला टेकून खाली बसले. मी घाबरले. खोटं कशाला सांगू, आधी घोड्याच्या पायांकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे.

हाड शाबूत होतं. पण यांचं मन पक्कं झालं. शहराबाहेर एकाची फळबाग आहे, त्याने पूर्वी एकदा मास्तरला मागितलं होतं. यांनी त्याला फोन केला आणि रविवारी सकाळी ट्रक घेऊन ये म्हणून सांगितलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, आज माझी मांडी होती, उद्या तुझं डोकं असेल, मग मी काय करू. त्यापेक्षा एक टेम्पो घेऊ, चालवायला माणूस ठेवू, तू घरात इस्त्रीला राहा.

इस्त्रीला. अकरा वर्षं मी रोज सकाळी त्या गाडीवर बसून अर्धं शहर बघते. इस्पितळाचा दारवान मला बाई म्हणत नाही, गाडीवाली म्हणतो. मास्तर गेला तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर मी टेबलापाशी उभी राहून उरलेलं आयुष्य अभ्र्यांच्या घड्या घालणार. मला नको होतं ते. मी यांना तसं स्पष्ट सांगितलं आणि मुदत मागितली. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं, की रविवारी ट्रक आल्यावर मी मास्तरला जुंपायचं, इस्पितळापर्यंत जाऊन परत यायचं. काही न मोडता परत आला तर राहील. एक खिळा जरी निखळला तरी जाईल. मी हो म्हटलं.

मंगळवारी नालबंदकाका आले. मास्तरचे नाल बदलायचे होते. मास्तरने त्यांना पायाला हातही लावू दिला नाही. काका मागे सरले, त्याच्याभोवती लांबून एक फेरी मारली आणि मला दाणा किती देतेस विचारलं. मी पूर्ण माप म्हटलं. काकांनी हातातली कानस पेटीत टाकली.

"पोरी, हा आजारी नाही आणि वाईटही नाही. हा रिकामा आहे," ते म्हणाले. "पोटात दाणा आणि पायांना काम नाही. मग ते सगळं जाणार कुठे?"

त्यांनी मला फैलावर घेतलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं, जे मी सहसा करत नाही. दाणा बंद. वाळलं गवत हवं तेवढं. सकाळ-संध्याकाळ हाताने चालवायचं, मग लांब दोरीवर गोल फिरवायचं, मग गाडी, तीही रिकामी. पोटात दाणा असताना एकदम कामाला जुंपलंस तर पाठीचे स्नायू धरतील आणि रस्त्यात जागच्या जागी उभा राहील, हेही बजावलं. मी जवाची कोठी कोंड्याच्या पोत्यांमागे सरकवली आणि माप कमरेला खोचलं.

लाकडाच्या वखारीमागे मोकळं मैदान आहे. मंगळवारी दुपारपासून मी त्याला तिथे नेऊ लागले. नेऊ लागले म्हणजे तो मला नेत होता. तो मागच्या पायांवर उभा राहायचा, मी दोरी सैल सोडायची, तो खाली आला की पुन्हा चालायला लावायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, पण सोडायचंही नाही. बुधवारी त्याने माझी बाही खाल्ली. तळव्यांना फोड आले, त्यांवर कापड गुंडाळलं आणि पुन्हा दोरी धरली. वखारवाला कुंपणाशी उभा राहून म्हणाला, वहिनी, कोण कुणाला फिरवतंय तेवढं सांगा. मी त्याला सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी सकाळी तो सोमवारपेक्षा जास्त बिथरलेला होता. मला कळेना. दोन दिवस दाणा नाही, दिवसाला तीन तास चाल, आणि याची मस्ती वाढतेच कशी. मी हातात फावडं घेऊन तबेला साफ करत होते आणि मनातल्या मनात हार मानायला लागले होते. तेवढ्यात लिदीत मला जवाचे दाणे दिसले. अख्खे, फुगलेले, ताजे.

माझं डोकं फिरलं. कोठीला मी सोडून हात लावणारं घरात एकच माणूस होतं. म्हणजे तोंडावर शर्त लावायची आणि पाठीमागून घोड्याला पेटवून द्यायचं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यांत यांनी अनेक मूर्खपणे केले, पण लबाडी कधी केली नव्हती. मला रडू आलं, रागाचं.

दुपारी मी नालबंदकाकांकडे जाऊन येते असं सांगून एकटीच निघाले आणि मागच्या दाराने अंगणात येऊन वाळत घातलेल्या चादरींमागे उभी राहिले. ओल्या चादरी तोंडाला लागत होत्या. थोड्या वेळाने हे लंगडत आले. हातात साबणाच्या चुऱ्याचं जुनं टमरेल, त्यात भिजवलेले जव. मोडक्या दाराशी उभं राहून यांनी ते मास्तरपुढे धरलं. ज्याने तीन दिवसांपूर्वी लाथ मारली त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि पुटपुटत होते, खा, खा, तिकडे तुला असं भिजवून कोण देणार.

मी चादर बाजूला केली.

हे दचकले. टमरेल पाठीमागे लपवलं, आणि घोड्याने ते पाठीमागून हुंगायला मान लांब केली.

"जाणारच आहे ना तो," हे म्हणाले. "आपल्या घरून उपाशी गेला असं नको व्हायला."

"अहो, तुमच्या या मायेनेच तो जाणार आहे," मी म्हटलं.

मग मात्र माझी जीभ सुटली. नालबंदकाकांनी सांगितलेलं सगळं, माझे हात, माझी बाही, सगळं मी यांच्या अंगावर ओतलं. यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की पाच आठवडे मापं भरभरून कोण देत होतं. आम्ही दोघं तिथेच उलट्या बादल्यांवर बसलो. हे म्हणाले, मला तो जायला नकोय, मला तुला काही व्हायला नकोय, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळत नाही. मी म्हटलं, उठा आणि चला, तसं.

गुरुवार संध्याकाळपासून आम्ही दोघं जाऊ लागलो. मास्तरच्या तोंडावरच्या म्होरकीला दोन दोऱ्या, एक माझ्याकडे, एक यांच्याकडे. एक लंगडा, एकीचे हात सोललेले, आणि मध्ये घोडा. शुक्रवारी सकाळी तो दोनदाच उभा राहिला. संध्याकाळी लांब दोरीवर दुडक्या चालीने इतका फिरला की आपणहून थांबला आणि त्याने मोठा श्वास सोडला. शनिवारी मान खाली टाकून गवत खाल्लं, नाल बसवून घेतले, आणि दुपारी रिकामी गाडी मैदानातून चार वेळा ओढली. पाचव्या वेळी एका कावळ्याला बुजून आडवा गेला. म्हणजे भरवसा काही नव्हता. हे माझ्याकडे बघत होते आणि मी यांच्याकडे बघत नव्हते.

रविवारी फळबागवाला ठरल्या वेळेच्या आधीच आला. त्याने ट्रक फाटकाशी लावला आणि आपण सोबत दोर आणल्याचं दोनदा सांगितलं. मी मास्तरला साज चढवला. एकेक पट्टा दोनदा तपासला. यांनी फाटक उघडलं.

गल्लीत नवी माती टाकलेली जागा वेगळ्या रंगाची दिसत होती. मास्तर तिथे आला आणि थांबला. कान मागे, पुढचा पाय खोदतोय. मी चाबूक आणलाच नव्हता. मी त्याला मागे घेतलं, छोटं वळण दिलं आणि पुन्हा त्या मातीसमोर आणलं. तो पुन्हा थांबला. पुन्हा वळण. माझ्या मागे सगळी गल्ली दारात उभी होती, ते मला मान न वळवता कळत होतं. मला घाई नाही, मी त्याला म्हटलं, मी संध्याकाळपर्यंत इथेच वळणं घेईन. चौथ्या वेळी त्याने मातीचा वास घेतला, फुरफुरला आणि चालायला लागला.

इस्पितळाच्या दारवानाने मला पाच आठवड्यांनी बघून सलाम ठोकला. परत येताना मास्तरची चाल अशी होती की मला गाणं म्हणावंसं वाटलं. मी म्हटलं नाही, कारण अजून फाटक यायचं होतं.

फाटकातून आत शिरताना फळबागवाल्याने आपल्या ट्रकचं मागचं दार धाडकन खाली सोडलं. मास्तर एका अंगाला उसळला. मी लगाम धरून ठेवला. गाडीची मागची बाजू फाटकाच्या खांबावर आदळली, काडकन आवाज झाला आणि नवी फळी दोन तुकडे होऊन फळबागवाल्याच्या पायांपाशी पडली.

मास्तर थरथरत होता. पण उभा होता. पुढे नाही, मागे नाही, मी हो म्हणेपर्यंत उभा. मी खाली उतरले आणि त्याच्या मानेला हात लावला. यांच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. शर्त मीच मान्य केली होती.

फळबागवाला म्हणाला, मोडलं की हो काहीतरी.

हे लंगडत आले. वाकून फळीचे दोन्ही तुकडे उचलले. त्यांवरचा निळा रंग इतका ताजा होता की यांच्या बोटांना वास लागला असेल. यांनी तुकडे उलटसुलट करून नीट पाहिले.

"ही?" हे म्हणाले. "ही मागच्या वर्षापासून मोडकीच होती."

फळबागवाला काहीतरी म्हणायला लागला, तर हे पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने, आणि तुकडे काखेत धरून त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेले. जाताना त्याला त्याच्या दोराची आठवणही करून दिली.

मी मास्तरचा साज उतरवला, त्याला हळूहळू फिरवून गार केलं आणि तबेल्यात नेलं. हे आले तेव्हा हातात ते टमरेल होतं. कोठीजवळ जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी कमरेचं माप काढून यांच्या हातात दिलं. "अर्धं," मी म्हटलं.

यांनी मोजून अर्धं घातलं.